मॉल बंद झाल्यावर बसायचं कुठे?

सकाळी पावणेआठलाच बाबा कानटोपी घालून दारात उभे असतात. बाहेर उणे १८, वारा धरला तर उणे २७. ‘अगं, आठची बस चुकली तर पुढची वीस मिनिटांनी,’ असं ते मला बजावतात, जणू उशीर माझ्यामुळे होणार आहे. साताऱ्याच्या एसटी डेपोत ३१ वर्षं काढलेला माणूस. शेवटची काही वर्षं वाहतूक नियंत्रक होते. बस कुठल्या देशातली का असेना, वेळेवर आली नाही की ते अस्वस्थ होतात आणि वेळेवर आली की ड्रायव्हरला हात करतात. ड्रायव्हर बहुतेक वेळा पंजाबी असतो, तोही हात करतो.

आई गेल्यानंतर ते सुपर व्हिसावर आमच्याकडे टोरोंटोच्या पश्चिमेच्या उपनगरात आले. आईवडिलांना लांब मुक्कामासाठी बोलावण्याची ही सोय कॅनडाने २०११ च्या अखेरीस सुरू केली आणि २०२२ पासून एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. कागदावर छान आहे. पण सातारच्या माणसाने इथला नोव्हेंबर ते एप्रिल काढायचा कुठे, याचं उत्तर व्हिसाच्या कागदात नसतं. सून-जावई कामावर, नातवंडं शाळेत, फुटपाथवर बर्फ. आमच्या बाबांना ते उत्तर मिळालं घरापासून सहा स्टॉपवरच्या एका जुन्या, एकमजली मॉलमध्ये.

दुकानं दहाला उघडतात, दारं मात्र आठला. तेवढ्या वेळात चालणारे येतात. बाबा चार फेऱ्या मारतात, मग फूड कोर्टमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर एक छोटी कॉफी घेऊन साडेदहापर्यंत बसतात. टेबलावर दोन सरदारजी, एक गयानाच्या आजी (त्यांना हिंदी बोलता येत नाही, पण भजनं पाठ आहेत) आणि एक इटालियन आजोबा, ज्यांनी या भागातली निम्मी तळघरं स्वतः बांधली असं त्यांचं म्हणणं. भाषा कुणाचीच धड जुळत नाही. त्या कोपऱ्याला बाबा ‘डेपो’ म्हणतात. घरी विचारलं, ‘आज उशीर झाला?’ तर म्हणणार, ‘डेपोतून निघायलाच उशीर झाला.’

त्यांच्या खिशात एक डायरी असते. जुनी सवय. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मॉलच्या आतून फेरी मारताना खाली ओढलेली शटरं मोजली होती : ९. गेल्या हिवाळ्यात तोच आकडा ३१ होता. टोकाचं सर्वांत मोठं दुकान केव्हाच गेलं. तिथे आता पांढरा प्लायवूड आणि त्यावर हसणाऱ्या कुटुंबाचं पोस्टर. यंदा प्लायवूडवर आणखी एक पाटी लागली. पालिकेची, विकास प्रस्तावाची. मॉल पाडून तिथे उंच इमारती.

या प्रस्तावाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. या देशात घरांची टंचाई खरी आहे आणि एकमजली इमारतीभोवती दहा-बारा एकर डांबर पसरून ठेवणं हा नुसता उधळेपणा आहे. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. मॉल मरतायत याची चर्चा इथे दुकानांच्या भाषेत होते : कुठला ब्रँड बुडाला, कुणी कुणाला गिळलं, ऑनलाइनने किती खाल्लं. जाणार आहे ती मात्र दुसरीच गोष्ट. वर्षातले पाच महिने जिथे पैसे न देता उबेत बसता येतं अशी, बऱ्याच उपनगरांतली एकमेव जागा. ती गावाची कधीच नव्हती, खासगी मालकाची होती. गावाने ती फुकट वापरली आणि वापरता वापरता आपलीच समजली. आता मालक ती मोडून नव्याने बांधायला निघाला आहे, त्यासाठी त्याला गावाची परवानगी हवी आहे, आणि गाव त्या बदल्यात काय मागायचं ते विसरून बसलं आहे.

आधी एक गैरसमज. कॅनडातले सगळे मॉल मरत नाहीत. टोरोंटोचं यॉर्कडेल १९६४ साली उघडलं तेव्हा जगातल्या मोठ्यात मोठ्या बंदिस्त मॉलपैकी एक होतं. आजही दर चौरस फुटामागच्या विक्रीत ते देशात अव्वल गणलं जातं. शनिवारी तिथे पार्किंग मिळवून दाखवा. एडमंटनचा वेस्ट एडमंटन मॉल १९८१ पासून आहे, आत लाटांचा तलाव आणि रोलर कोस्टर आहे, आणि गर्दीही आहे. मरतो तो मधला मॉल. ज्यात चपला दुरुस्त करणारा, चष्म्याचं दुकान, लॉटरीची टपरी, डॉलरचं दुकान आणि टोकाला एक मोठं ‘अँकर’ दुकान असतं तो. ज्याचं नाव शहराबाहेर कुणाला माहीत नसतं तो.

ऑनलाइन खरेदीने तो मारला, हे उत्तर सगळ्यांच्या ओठावर असतं. पण स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या हिशोबात किरकोळ विक्रीतला ऑनलाइनचा वाटा अजून ६ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. महासाथीत तो उसळला आणि पुन्हा खाली बसला. सहा टक्क्यांनी जखम होते हे मान्य. पण जीव जायला दुसरं कारण लागतं, आणि ते अँकर दुकानाच्या भाडेकरारात सापडतं.

मॉलचं गणित असं होतं. टोकाला एक नावाजलेलं मोठं दुकान बसवायचं, त्याला जवळजवळ फुकट जागा द्यायची, करार अनेक दशकांचा करायचा. लोक त्याच्यासाठी येणार आणि जाता-येता मधल्या गाळ्यांत खर्च करणार. खरं भाडं त्या गाळेवाल्यांकडून वसूल करायचं. मुंबईकरांना पागडीचा भाडेकरू माहीत आहे : गिरगावात मोक्याच्या जागी, नाममात्र भाड्यात, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. अँकर दुकान हा मॉलचा पागडीवाला. फरक एवढाच, की याला मालकाने स्वतः आमंत्रण देऊन बसवलेलं. बऱ्याच करारांत तर पार्किंगमध्ये बांधकाम करायचं झालं तरी अँकरची संमती लागायची. उलट बाजूने, अँकर गेला तर भाडं कमी करून घ्यायची किंवा करार मोडायची मुभा अनेक छोट्या गाळेधारकांना असायची. म्हणजे एक दात पडला की शेजारचे हलणार, ही तरतूद कागदावर आधीच करून ठेवलेली.

आणि दात पडत गेले. टिमोथी ईटनने १८६९ मध्ये सुरू केलेलं ईटन्स, ज्याच्या कॅटलॉगवर प्रेअरीतल्या शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी कपडे मागवले, ते १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेलं. सिम्पसन्सचं नाव त्याआधीच, १९९१ मध्ये, मिटलं होतं. पश्चिमेकडचं वुडवर्ड्स १९९३ मध्ये. झेलर्स हे मध्यमवर्गाचं लाडकं स्वस्त दुकान. २०११ मध्ये त्याच्या जागांचे करार टार्गेट या अमेरिकी कंपनीला विकले गेले. टार्गेटने २०१३ मध्ये दणक्यात दुकानं उघडली आणि जानेवारी २०१५ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं : १३३ दुकानं, १७,६०० च्या आसपास नोकऱ्या. शेल्फ रिकामी, भाव अमेरिकेपेक्षा चढे आणि माल कुठे अडकलाय ते कुणालाच कळत नव्हतं. सीअर्स कॅनडाची शेवटची दुकानं जानेवारी २०१८ मध्ये मिटली, निवृत्त कामगारांच्या पेन्शनला भोक पाडून. उरली होती हडसन्स बे कंपनी. २ मे १६७० ची सनद. आपल्याकडे शिवराज्याभिषेक व्हायला अजून चार वर्षं होती, तेव्हाची ही कंपनी. बीव्हरच्या कातड्यांवर जिने अर्ध्या खंडाचा व्यापार केला, ती मार्च २०२५ मध्ये कर्जदारांपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली आणि १ जूनला तिचं शेवटचं दुकान बंद झालं. ८० दुकानं, आणि जोडीला तिच्याच ताब्यातली साक्स नावाची १६. आठ हजारांवर माणसं घरी बसली. तिच्या घोंगड्यांवरचे ते प्रसिद्ध रंगीत पट्टे कॅनेडियन टायर या दुकानसाखळीने ३ कोटी डॉलरना घेतले. पट्ट्यांना गिऱ्हाईक मिळालं. बहुतेक रिकाम्या जागांना मात्र भाडेकरू मिळेना, आणि एक खरेदीदार पुढे आली तर मॉलमालकांनीच तिला कोर्टात विरोध केला.

का केला? त्यांना आपल्या मॉलमध्ये कोण बसणार हे स्वतः ठरवायचं होतं, हे एक. पण मला वाटतं, काही ठिकाणी त्यांना तिथे कुणीच नको होतं. पागडीवाला एकदाचा गेला म्हटल्यावर चाळीच्या मालकाच्या मनात काय येतं?

टॉवर येतो. मिसिसागाचं स्क्वेअर वन १९७३ मध्ये शेतांच्या मधोमध उभं राहिलं. मिसिसागा शहर म्हणून जाहीर झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे मॉल शहरापेक्षा थोरला. मग १९८७ मध्ये पालिकेची इमारत त्याच्या शेजारी जाऊन बसली, पाठोपाठ मुख्य ग्रंथालयही आलं. आपल्याकडे देवळाभोवती गाव वसतं, तसं हे. २०२० मध्ये त्याच्या मालकांनी १३० एकरांवर ३७ टॉवर आणि १८ हजारांवर घरांची योजना जाहीर केली. स्क्वेअर वन तगडा आहे, तो राहील, टॉवर पार्किंगमध्ये उगवतील. मधल्या मॉलचं तसं नाही. तिथे जमिनीची किंमत दुकानांच्या भाड्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. मग मालक नवे करार छोटे करतो, त्यात ‘पाडकाम करायचं ठरलं तर सहा महिन्यांत गाळा खाली’ असं कलम टाकतो. असं कलम असलेल्या गाळ्यात कुठला शहाणा माणूस नवी फरशी घालेल? दिवे गेले तर तसेच राहतात, एस्केलेटर बंद पडला तर जिना होतो. काही वर्षांनी पालिकेला सांगायचं, ‘बघा, मॉल चालत नाही.’ बाबांच्या डायरीतला ९ ते ३१ हा प्रवास असाच झाला असावा असा माझा अंदाज आहे. मालकाला मी विचारायला गेले नाही.

मालक म्हणजे तरी कोण? इथे एक गंमत आहे. कॅनडातले बरेचसे मोठे मॉल पेन्शन फंडांचे आहेत. कॅडिलॅक फेअरव्ह्यू ही मॉलमालक कंपनी आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाची, ऑक्सफर्ड प्रॉपर्टीज ऑन्टॅरिओच्या पालिका कर्मचाऱ्यांच्या फंडाची, आयव्हन्हो केम्ब्रिज क्वेबेकच्या सार्वजनिक निधीची (२०२४ मध्ये ती त्या निधीतच सामावली गेली). माझ्या मुलीच्या बाईंचं म्हातारपण कुठल्या तरी फूड कोर्टच्या भाड्यावर उभं आहे. पैसा जनतेचा, जागा मात्र खासगी. त्या जागेत जनतेला हक्क किती, याचा निकाल मात्र पन्नास वर्षांपूर्वीच लागला आहे.

विनिपेगच्या पोलो पार्क मॉलमधल्या डोमिनियन या किराणा दुकानातल्या सोफी कार्सवेल नावाच्या कामगार बाई कायदेशीर संपावर होत्या. आपल्याच दुकानासमोरच्या फुटपाथवर फलक घेऊन त्या शांतपणे उभ्या राहिल्या. फुटपाथ मॉलचा. मॉलच्या व्यवस्थापकाने हटकलं, बाई हटल्या नाहीत, आणि अतिक्रमणाचा गुन्हा लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७५ मध्ये बहुमताने निकाल लागला मालकाच्या बाजूने. मुख्य न्यायाधीश बोरा लॅस्किन अल्पमतात होते. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं, की जिथे हजारो लोकांना आमंत्रण देऊन बोलावता, रस्ते-फुटपाथ-पार्किंग मांडून ठेवता, ती जागा स्वतःच्या घरातल्या दिवाणखान्यासारखी कशी मानायची? विनिपेगच्या मॅनिटोबा प्रांताने पुढे आपला कायदा बदलून अशा निदर्शनांना मुभा दिली. पण तत्त्व तिथेच राहिलं : मॉलमध्ये तुम्ही पाहुणे, आणि यजमानाला वाटेल तोवर.

सात वर्षांनी टोरोंटोच्या ईटन सेंटरमध्ये दुसरा खटला झाला. छतापासून टांगलेले मायकल स्नो यांचे साठ फायबरग्लासचे हंस (‘कॅनडा गूज’, बदकही नाही आणि आपला राजहंसही नाही) आजही तिथे उडतायत. नाताळच्या सजावटीत व्यवस्थापनाने त्यांच्या गळ्यात लाल रिबिनी बांधल्या. चित्रकार कोर्टात गेला, म्हणाला माझ्या कलाकृतीचा हा अपमान आहे, आणि जिंकला. रिबिनी उतरल्या. त्यामुळे कॅनडाच्या मॉलमध्ये कुणाच्या गळ्यात काय असावं याबाबत हंसांची बाजू भक्कम आहे. कार्सवेलबाईंच्या गळ्यातल्या फलकाची नव्हती.

तरीही लोकांनी ती जागा वापरलीच. १७ डिसेंबर २०१२ ला सस्कॅचेवान प्रांतातल्या रजायनाच्या कॉर्नवॉल सेंटर या मॉलमध्ये, ऐन नाताळच्या खरेदीत, आदिवासी तरुण-तरुणी ढोल घेऊन आले आणि हातात हात घालून गोल फेर धरला. आदिवासींच्या हक्कांसाठीच्या आयडल नो मोअर आंदोलनाची ही खूण पुढच्या काही दिवसांत देशभरच्या मॉलमध्ये पसरली. मॉलच का? डिसेंबरात सस्कॅचेवानमध्ये बाहेरच्या चौकात फेर धरून बघा. माणसं होती तिथे ते गेले, आणि हिवाळ्यात माणसं मॉलमध्ये असतात.

आता यावर माझा एक मित्र, नगररचनेत काम करणारा, मला नेहमी सुनावतो. ‘तुम्ही लोक मॉलला उगाच देव्हाऱ्यात बसवता. ज्यांना खरंच उबेची गरज असते त्यांनाच सिक्युरिटीवाला आधी उठवतो. शाळकरी पोरांचा घोळका दिसला की हाकलतो. आणि याच मॉलनी गावातल्या बाजारपेठा खाल्ल्या.’ बरोबर आहे. शेवटच्या मुद्द्याबाबत तर तो म्हणतो त्याहून वाईट झालं. बाजारपेठा ओसाड पडायला लागल्यावर सत्तर-ऐंशीच्या दशकांत सरकारी मदतीने डाऊनटाऊनच्या मधोमधच मॉल बांधले गेले. आजारावर त्याच आजाराचा उतारा. विनिपेगमध्ये १९८७ मध्ये पोर्टेज अव्हेन्यूचे तीन ब्लॉक साफ करून पोर्टेज प्लेस उभं केलं. ते कधीच नीट चाललं नाही. हॅमिल्टनचं १९९० चं ईटन सेंटर आता जमीनदोस्त आहे. पोर्टेज प्लेसचं मात्र एक झालं : जे चाललं नाही तेच शहराच्या त्या भागातल्या म्हाताऱ्यांचं, आदिवासी कुटुंबांचं, परदेशातून नव्याने आलेल्यांचं बसायचं ठिकाण बनलं. दुकानं रिकामी होत गेली तशी बाकडी भरत गेली. ‘अपयशी’ म्हणायचं ते कुणाच्या वहीत पाहून, हा प्रश्न मला तिथे पडतो.

आणि सिक्युरिटीवाला उठवतो म्हणून ती जागा फालतू, हा तर्क मला पटत नाही. बाबांनाही उठवलंय. फूड कोर्टमध्ये मध्यंतरी पाट्या लागल्या, ‘बसण्याची मर्यादा ३० मिनिटं’. एका नव्या पोराने येऊन घड्याळ दाखवलं. बाबांनी त्याला आपलं घड्याळ दाखवलं आणि मराठीत सांगितलं, ‘गाडी लागली की जातो.’ सरदारजींनी एक कॉफी आणखी घेतली आणि सगळ्यांत वाटली. दीड डॉलरचं भाडं भरून डेपो पुन्हा चालू. हे अपमानास्पद आहे का? आहे. म्हणूनच तर ती जागा कुणाच्या मेहेरबानीवर नसावी, एवढंच मला म्हणायचं आहे. जागाच नको असं त्यातून कसं निघतं, ते मित्राला सांगता येत नाही.

मग काय मागायचं? जमिनीचा वापर बदलून देताना पालिकेच्या हातात पत्ते असतात, ते खेळायचं. व्हँकुव्हरने ओकरिजला ते केलं. १९५९ मध्ये उघडलेला मॉल, २०१४ मध्ये पुनर्विकासाला मंजुरी, २०२० मध्ये बंद. टॉवर आणि हजारो घरांच्या बदल्यात शहराने तिथे नऊ एकरांची बाग तर मागितलीच, पण त्याशिवाय ग्रंथालय, ज्येष्ठांचं केंद्र, पाळणाघर असलेलं एक नागरी केंद्रही पदरात पाडून घेतलं. भोवतीची घरं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची आहेत आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, हे खरं. तरी छत मागितलं, हे महत्त्वाचं. ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरात तर याहून साधं घडलं. १९६० मध्ये डाऊनटाऊनमध्ये उभा राहिलेला मॉल पुढे वाढला, फुगला आणि आपटला. २००२ मध्ये शहराच्या मुख्य ग्रंथालयाने आपला संसार तिथल्या हडसन्स बेच्या रिकाम्या दुकानात हलवला. मोठा मजला, वर छत, आत ऊब, दारात बस. ग्रंथालयाला आणखी काय लागतं? ग्वेल्फमध्ये ईटन्सच्या जागी आइस हॉकीचं स्टेडियम आलं. विनिपेगमध्येही ईटन्स पाडून तिथे हॉकीच आली, पण ती तिकीट काढणाऱ्यांसाठी. त्याच रस्त्यावरची हडसन्स बे कंपनीची १९२६ ची सहा मजली इमारत २०२२ मध्ये दक्षिण मॅनिटोबातल्या फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजांच्या संघटनेकडे सोपवली गेली. समारंभात कंपनीच्या प्रमुखाला बीव्हरची दोन आणि एल्कची दोन कातडी देण्यात आली, साडेतीनशे वर्षांच्या हिशोबाची आठवण म्हणून. तिथे सुमारे तीनशे घरं, सांस्कृतिक जागा आणि पाळणाघर असं योजलं आहे.

माझी मागणी यापेक्षा लहान आहे. बंदिस्त मॉल पाडायचा असेल, तर नव्या प्रकल्पात तळमजल्यावर, बसस्टॉपला लागून, तापवलेली एक सार्वजनिक खोली बांधून पालिकेच्या नावावर करावी. सकाळी सातला उघडणारी. बाकडी, शौचालय, पाण्याचा नळ, प्रदर्शन लावायची एखादी भिंत. काही विकत घ्यायची सक्ती नाही. आणि ती उघडल्याशिवाय जुना मॉल पाडायचा नाही. अधल्यामधल्या दहा वर्षांत माणसं म्हातारी होऊन मरतात.

बिल्डर म्हणतील खर्च वाढतो, घरं महागतात. ऑन्टॅरिओत त्यांच्यावरचं हे ओझं आधीच मोजून-मापून हलकं केलेलं आहे. उंच इमारतीच्या बदल्यात पालिकेला घेता येणारं समुदाय लाभ शुल्क जमिनीच्या किमतीच्या ४ टक्क्यांवर बांधून टाकलंय, आणि २०२२ च्या कायद्याने बागांसाठी द्यायची जमीनही कमी केली. एवढं करून घरं उठली का? टोरोंटो भागात २०२४ मध्ये नव्या कॉन्डोंची, म्हणजे फ्लॅटची विक्री नव्वदच्या दशकानंतर सर्वांत कमी झाली. प्रस्ताव मंजूर, मॉल अर्धा रिकामा, टॉवरचा पत्ता नाही, अशा जागा आता सगळीकडे दिसतील. आणि त्याच इमारतींच्या जाहिरातीत बघा : योगा रूम, पार्टी रूम, कुत्र्याला आंघोळ घालायची खोली. खोल्या बांधायला परवडतात, फक्त त्यांचं दार किल्लीवाल्यालाच उघडतं.

मराठी माणसाला हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१ चा नियम होता : एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात एक दुरुस्ती झाली, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, बांधकामाखालची नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. एका शब्दाच्या फरकात किती एकर गेले ते लोअर परळला उभं राहून दिसतं. गिरणीच्या जागी तिथे मॉल आला, हा योगायोग नोंदवून पुढे जाते. ‘सार्वजनिक जागा’ असा नुसता शब्द प्रस्तावात असून भागत नाही. किती चौरस फूट, छत आहे की नाही, दार किती वाजता उघडणार आणि किल्ली कुणाकडे, हे लिहून घ्यावं लागतं.

आमच्या मॉलच्या प्रस्तावावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा होती, कम्युनिटी सेंटरच्या जिममध्ये. बाबांना घेऊन गेले. इझलवर मोठमोठी रंगीत चित्रं लावलेली : टॉवर, मधे चौक, कारंजं, हिरवीगार मेपलची झाडं, हाफ पँटमध्ये सायकलवर जाणारी माणसं, आइस्क्रीम खाणारी मुलगी. सल्लागार बाई चांगल्या होत्या, मन लावून समजावत होत्या. चौक ‘सर्वांसाठी खुला’ आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बाबा चष्मा वर करून एकेका चित्राजवळ गेले. सगळी पाहून झाल्यावर त्यांनी मला हळूच सांगितलं, ‘त्यांना विचार, जानेवारीचं चित्र कुठलं?’

मी विचारलं. बाईंनी चित्रांकडे पाहिलं, मग आपल्या सहकाऱ्याकडे. जानेवारीचं चित्र काढलेलं नव्हतं. त्यांनी प्रश्न वहीत टिपून घेतला. बाबांनीही आपली डायरी काढली, तारीख घातली आणि काहीतरी लिहिलं. मग घड्याळ बघत म्हणाले, ‘चल, सव्वाआठची मिळेल.’